दुधाचे दात पडणारच आहेत, मग एवढं कशाला?

मागच्या अंकात तान्ह्या बाळांचे दात आणि हिरड्या यावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि बेळगाव शहर, सगळीकडून पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले. बरेच प्रश्न एकसारखे होते म्हणून एकत्र केलेत, नावं मुद्दाम छापलेली नाहीत. एक वाक्य मात्र जवळजवळ प्रत्येक पत्रात कुठे ना कुठे होतंच, घरातलं कोणीतरी म्हणतंय की दुधाचेच दात, ते काय पडणारच. यावर मला बरंच बोलायचंय, दुसऱ्या उत्तरात बोललेय.

प्रश्न: मॅडम नमस्कार, माझी मुलगी सात महिन्यांची. खालच्या हिरड्या सुजल्यात, लाळ इतकी गळते की लाळेरी पुरत नाहीत. परवापासून १०२ ताप आहे, पातळ शी होतेय आणि रात्रभर रडूलालीय. सासूबाई म्हणतात दात येताना असं होतंच, थांब जरा. मेडिकलवाल्याने हिरडीला लावायचं जेल दिलंय, लावू का? – एक आई, खानापूर

उत्तर: ताई, तुमचा मेसेज वाचल्या वाचल्या तुम्हाला कळवलं होतं की आधी बाळाला डॉक्टरांकडे न्या, आता इथे बाकीच्या आयांसाठी लिहितेय.

दात येताना हिरडी सुजते, लाल होते, लाळ गळते, हाताला येईल ते बाळ चावतं, किरकिर करतं, अंग किंचित कोमट लागतं. बस, एवढंच. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला, जुलाब लागले, उलट्या झाल्या, दूध नको म्हणायला लागलं तर ते दातामुळे नाही, दुसरं कारण शोधायलाच पाहिजे. मग दोन्ही एकाच वेळी का दिसतं? तर सहाव्या महिन्याच्या आसपास आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती कमी व्हायला लागते, त्याच सुमाराला उष्टावण होऊन वरचं खाणं सुरू होतं, बाळ सरकायला लागलेलं असतं आणि जमिनीवरचं जे सापडेल ते तोंडात जातं, म्हणजे इन्फेक्शन व्हायला सगळ्या बाजूंनी वाट मोकळी, आणि नेमके तेव्हाच खालचे पुढचे दात वर येत असतात म्हणून सगळं खापर दातांवर फुटतं. मला याची काळजी वाटते कारण जुलाबात बाळाच्या अंगातलं पाणी भराभर कमी होतं आणि घरचे मात्र दात येतायत म्हणून वाट बघत बसतात. अंगावरचं दूध बंद करू नका, ओआरएस द्या आणि दवाखाना गाठा. आशाताई किंवा अंगणवाडीत ओआरएसची पाकिटं मिळतात.

जेलचं म्हणाल तर नका लावू. अशा काही जेलमध्ये बेन्झोकेन नावाचं बधिर करणारं औषध असतं. अमेरिकेच्या औषध खात्याने, एफडीएने, २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना ते लावू नका असं स्पष्ट सांगितलं, कारण क्वचित का होईना पण त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते आणि बाळ निळं पडतं. तसंही लाळेबरोबर ते जेल थोड्या वेळात वाहूनच जातं, आणि बाळाने गिळलं तर घसा बधिर होतो. दात येण्याच्या गोळ्या म्हणून ज्या गोड होमिओपॅथिक गोळ्या मिळतात त्यातल्या काहींमध्ये बेलाडोना असतं, आणि २०१७ मध्ये एफडीएच्याच तपासणीत काही गोळ्यांत ते लेबलवर लिहिलंय त्यापेक्षा कितीतरी जास्त सापडलं होतं. विषारी वनस्पती आहे ती, तान्ह्या बाळाच्या बाबतीत असला अंदाजपंचे कारभार नको.

मग करायचं काय, तर साबणाने हात धुवून बोटाने हिरडीवर हलकेच दाब देऊन मिनिटभर चोळा, बहुतेक बाळं लगेच शांत होतात. स्वच्छ सुती फडकं ओलं करून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात गार करा आणि चावायला द्या, बर्फासारखं घट्ट झालेलं नको. खारीक किंवा गाजराचा तुकडा देतात काही ठिकाणी, तो देऊ नका, एक दात जरी वर आला असेल तरी तुकडा मोडून घशात अडकू शकतो. आणि मध. हिरडीला मध चोळणं, गुटी मधात देणं, हे आपल्याकडे घरोघर चालतं, पण एक वर्षाच्या आत मध अजिबात नको, त्यात बोट्युलिझमचे जंतू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते वाढून अंगाला लुळेपणा येऊ शकतो.

प्रश्न: मुलगा वीस महिन्यांचा. वरचे पुढचे चार दात आधी पांढुरके झाले, आता हिरडीपाशी तपकिरी झालेत आणि एकाचा कोपरा तुटलाय. खालचे मात्र छान आहेत. रात्री साखर घातलेलं दूध बाटलीतनं घेतल्याशिवाय झोपत नाही, मध्ये उठला की पुन्हा बाटली. हे किडे कुठनं आले? घरचे म्हणतात पडणारे दात आहेत, पैसे कशाला घालवायचे. – शहापूर, बेळगाव

उत्तर: आधी किड्यांचं. दातात अळी-बिळी काही नसते, बाजारात बसून दातातले किडे काढून दाखवणारे जे असतात ते लोकांना फसवतात, त्यांच्याकडे लेकराला नेऊ नका. तोंडातले जंतू साखर खातात आणि अ‍ॅसिड तयार करतात, ते अ‍ॅसिड दाताचं वरचं कवच विरघळवतं. दिवसा लाळ ते धुऊन काढते, पण झोपेत लाळ खूप कमी सुटते. म्हणजे बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या बाळाच्या वरच्या दातांवर ते गोड दूध तासन् तास साचून राहतं. खालचे चांगले का राहिले, तर चोखताना जीभ खालच्या दातांवर येते आणि लाळेच्या मोठ्या ग्रंथीही तिथेच जिभेखाली उघडतात. वरचे चार खराब आणि खालचे धड, हे दिसलं की आम्ही पहिला प्रश्न बाटलीचाच विचारतो.

आता पडणारच आहेत याचं. पुढचे दात सहा-सात वर्षांचा झाल्यावर पडतात, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. तुमचा मुलगा दोन वर्षांचाही नाही. त्या दाढांपर्यंत कीड गेली तर पुढची आठ-दहा वर्षं तो कशाने चावणार? दुखतं म्हणून मुलं जेवत नाहीत, वजन वाढत नाही, रात्री झोपत नाहीत, आणि आईला वाटतं पोरगं हट्टी आहे. शिवाय दुधाच्या दाताच्या मुळाशीच पक्का दात तयार होत असतो, वर पू झाला तर त्या खालच्या दाताला डाग पडू शकतो. आणि दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात, पक्का दात यायचा तेव्हा त्याला जागाच नसते, मग तारा लावायला लागतात. त्याचा खर्च आजच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त येतो, घरच्यांना हे जरूर सांगा.

बाटली एकदम काढून घेतली तर दोन-चार रात्री घर डोक्यावर घेईल, म्हणून आधी साखर बंद, मग रोज दुधात थोडं थोडं पाणी वाढवत न्या, आठवड्या-दहा दिवसांत नुसतं पाणी राहील असं बघा. नुसत्या पाण्यासाठी बाळ फार वेळ रडत नाही. (हे वर्षाच्या पुढच्या, नीट जेवणाऱ्या मुलांसाठी हं, तान्ह्या बाळाच्या दुधात पाणी घालायचं नाही.) दूध संध्याकाळी जेवणाबरोबर पेल्यातून द्या, त्यानंतर दात पुसा किंवा ब्रश करा आणि मग झोप. खरं तर वर्ष झालं की पेल्याची सवय लावायचीच, दीड वर्षाच्या पुढे बाटली घरात नसलेलीच बरी.

यावर हमखास विचारतात की अंगावरच्या दुधाचं काय. अंगावरचं पाजणं चालू ठेवा, दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही, त्याच्याइतकं चांगलं काही नाही. फक्त वर्षाच्या पुढे, दात आल्यावर, रात्रभर छातीशी लावून झोपवायची सवय असेल तर तेवढी हळूहळू कमी करा आणि झोपायच्या आधी दात स्वच्छ असू द्या.

दुसरं, आपल्याकडे गोड खायला निमित्त लागत नाही. कुणी गोकाकहून आलं की करदंट, शहरात पाहुणे आले की कुंदा, संक्रांतीला बोरन्हाणात हलवा आणि चॉकलेटं. लेकराला काहीच देऊ नका असं मी म्हणणार नाही, पण किती खाल्लं यापेक्षा दिवसात किती वेळा खाल्लं याने दातांचं जास्त नुकसान होतं. जेवणानंतर एकदाच दिलं तर तोंड सावरतं, पण तोच तुकडा हातात देऊन पोर दिवसभर चोखत फिरलं तर दर वेळी अ‍ॅसिडचा नवा मारा. करदंट तर गूळ आणि डिंकामुळे दाताला चिकटून बसतं. चहात बुडवलेलं बिस्किट, गुळाची नाचणी पेज हेही गोडच, पौष्टिक असलं तरी. आणखी एक, आज्जी घास चावून मऊ करून भरवते किंवा आई स्वतःच्या तोंडात चमचा घालून दूध गरम आहे का बघते, त्यातनं मोठ्यांच्या तोंडातले कीड करणारे जंतू बाळाकडे जातात, म्हणून ते टाळा आणि आईने स्वतःचे किडके दात भरून घ्या.

उपचार आजही होऊ शकतो. पांढुरके डाग असतील तिथे फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप, लावून ते थांबवता येतात, काही ठिकाणी तर परत घट्ट होतात. कीड खोल नसेल तर सिल्व्हर डायमिन फ्लोराइड म्हणून एक द्रव असतो, मशीन नाही, सुई नाही, नुसता ब्रशने लावायचा. किडलेला भाग त्याने काळा पडतो, हे आधीच माहीत असू द्या, पण कीड बऱ्याचदा तिथेच थांबते आणि एवढ्या लहान मुलासाठी ती मोठीच गोष्ट आहे. तुटलेल्या दाताचं काय करायचं ते तपासूनच ठरेल. बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ अशी दोन डेंटल कॉलेजं आहेत, दोन्हीकडे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे, खाजगीपेक्षा खर्च कमी येतो. आणि ज्यांच्या बाळाचे दात अजून चांगले आहेत त्यांनीही पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दाखवून आणा.

महिन्यातून एकदा सगळ्यांनीच एक गोष्ट करायची. बाळाला खिडकीपाशी उजेडात मांडीवर आडवं घ्या, वरचा ओठ बोटाने वर उचला आणि हिरडी जिथे दाताला मिळते तिथे बघा. तिथे खडूने ओढल्यासारखी फिकट पांढरी रेघ दिसली, पुसून जात नसली, तर ती किडीची सुरुवात असते. या टप्प्यावर आलात तर बहुतेक वेळा मशीन लावावंच लागत नाही.

प्रश्न: सासूबाईंनी आयुष्यभर बिड्या वळल्या, सकाळ-संध्याकाळ मशेरी लावायची सवय आहे. आता बाळाच्या हिरड्या शिवशिवतात म्हणून तेच मशेरीचं बोट बाळाच्या हिरडीवर फिरवतात, म्हणतात बधिर होतं, आम्ही असंच वाढवलं. मला भीती वाटते पण बोलता येत नाही. – एक सून, निपाणी

उत्तर: तुमची भीती खरी आहे आणि हे आजपासून बंद व्हायला पाहिजे. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू, भाजल्याने निकोटिन जात नाही. तोंडाच्या आतली त्वचा इतकी पातळ असते की निकोटिन तिथनं थेट रक्तात जातं, आणि सात-आठ किलोच्या बाळाला अगदी थोडंही खूप होतं. बाळ शांत होतं ते दुखणं कमी झालं म्हणून असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ती विषाची गुंगीही असू शकते. मशेरी लावल्यावर उलटी, खूप लाळ, चेहरा पांढराफटक पडणं, घाम, सुस्ती, झटका यातलं काहीही दिसलं तर घरी काही करत बसू नका, सरळ दवाखान्यात न्या आणि तंबाखू लावली होती हे न लाजता सांगा, त्यावर उपचार ठरतात.

दात घासायच्या पेस्टमध्ये, पावडरीत तंबाखू घालायला आपल्या सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. पण मशेरी घरात भाजली जाते, तिला कुठला कायदा अडवणार? ते घरच्यांनाच करावं लागेल. ज्या आया स्वतः मशेरी लावतात त्यांच्या अंगावरच्या दुधातूनही निकोटिन बाळाला जातं, त्यांनीही सोडायचा प्रयत्न करा, पण त्यासाठी पाजणं बंद करू नका.

सासूबाईंशी कसं बोलायचं, तर त्यांच्या मायेवर बोट ठेवू नका. त्यांना बाळाची हिरडी चोळायचीच आहे ना, तर ते काम त्यांच्याकडेच ठेवा, फक्त साबणाने हात धुवून, कोऱ्या बोटाने किंवा ओल्या सुती कापडाने. आणि सांगायचं काम डॉक्टरांवर टाका, लसीकरणाला जाल तेव्हा त्यांना बरोबर न्या आणि डॉक्टरांना आधी सांगून ठेवा की हे तुम्ही समजवा, मी या वयाच्या कितीतरी बायकांना दवाखान्यात ऐकताना बघितलंय, नातवासाठी त्या ऐकतात. घरात अजून बिड्या वळत असतील तर तंबाखूचं सूप बाळाच्या हाताला लागणार नाही एवढं उंच ठेवा आणि बाळाला घ्यायच्या आधी हात धुवा.

प्रश्न: ब्रश कधीपासून? कुठली पेस्ट? आमच्याकडे लाल दंतमंजन आहे ते चालेल का? कोणी म्हणतं फ्लोराइड विषारी असतं, आणि आमचं पाणी बोअरचं आहे. – चिकोडी तालुका

उत्तर: दात यायच्या आधी दिवसातनं एकदा-दोनदा ओल्या स्वच्छ कापडाने हिरड्या पुसा. (हिरडीवर मोत्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर घाबरू नका, ते आपोआप जातात. जिभेवर-गालात पांढरा थर असेल आणि पुसून निघत नसेल तर ती बुरशी, ती दाखवा.) पहिला दात दिसला त्या दिवसापासून लहान, मऊ ब्रश आणि पेस्ट, दिवसातनं दोनदा, रात्रीचं चुकवायचं नाही. पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत पूर्ण ब्रशभर दाखवतात तसं नको. पेस्ट फ्लोराइडवाली घ्या, १००० पीपीएमच्या आसपास (पीपीएम म्हणजे फ्लोराइडचं प्रमाण), पाकिटाच्या मागे लिहिलेलं असतं. लहान मुलांच्या म्हणून मिळणाऱ्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच, तेवढं वाचून घ्या. तांदळाच्या दाण्याएवढी गिळली गेली तरी काही होत नाही, पण ट्यूब मुलाच्या हाती द्यायची नाही. लाल मंजन, मीठ, कोळसा, राख हे सगळं खरबरीत, दुधाच्या दाताचं कवच आधीच पातळ असतं ते घासून जातं.

एकटीने जमत नाही असं बऱ्याच जणी सांगतात. घरातल्या दुसऱ्या माणसाला समोर बसवा, गुडघ्याला गुडघे लावून, बाळाचे पाय तुमच्या कमरेभोवती आणि डोकं समोरच्याच्या मांडीवर. तुम्ही हात धरा, समोरचा ब्रश करेल. रडलं तर तोंड उघडंच राहतं, काम पटकन होतं, आठवड्याभरात सवय होते.

बोअरच्या पाण्याचा प्रश्न योग्य विचारलात. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, ते धरणाचं. पण उत्तर कर्नाटकात काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं आणि अशा पाण्यावर वाढलेल्या मुलांच्या पक्क्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे येतात. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, १.५ च्या वर पिऊ नये. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासायची मागणी करा. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटल्याने उलट वाढतं. पाण्यात जास्त निघालं तर आधी पाणी बदला, आणि पेस्ट किती, कुठली हे दातांच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून ठरवा.

प्रश्न: भाचीला वरचे दात आधी आले. घरात म्हणतात मामाला जड जातं, शांती करा. तो मामा मीच. दुसरं, आमच्या शेजारी एक बाळ दात घेऊनच जन्मलं, त्यांनाही लोक काहीबाही बोलतात. – येळ्ळूर

उत्तर: दादा, बहुतेक बाळांना खालचे पुढचे दोन आधी येतात, पण काहींना वरचे येतात, क्रम थोडा मागेपुढे होणं अगदी नेहमीचं आहे. तुम्हाला काही होणार नाही आणि भाचीच्या अंगावर हा ठपकाही नको, मुली मोठ्या झाल्यावरही अशा गोष्टी त्यांना ऐकवल्या जातात.

दात घेऊन जन्मणं हे साधारण दोन-तीन हजारांत एखाद्या बाळाच्या बाबतीत घडतं. तो बहुतेक वेळा दुधाचाच दात असतो, लवकर वर आलेला, म्हणून उगाच काढायचा नाही, काढला तर त्या जागी दुसरा दुधाचा दात येत नाही. खूप हलत असेल तर मात्र निसटून श्वासनलिकेत जायची भीती असते, किंवा जिभेखाली जखम होऊन बाळ दूध ओढत नसेल, तर काढावा लागतो. काढायच्या आधी जन्मानंतरचं व्हिटॅमिन के चं इंजेक्शन मिळालंय का हे बघतात, रक्त थांबण्यासाठी ते लागतं. त्या आईला भेटायला गेलात तर लगेच दातांच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा, आणि बाळ छान आहे हेही सांगा, तिला सध्या कोणी सांगत नसेल.

प्रश्न: चौदा महिने झाले, एकही दात नाही. – संकेश्वर

उत्तर: घरात आई-बाबांचे दात उशिरा आले होते का विचारा, बऱ्याचदा तेच असतं. बाळ खातंय, वाढतंय, चालायला लागलंय तर दीड वर्षापर्यंत थांबायला हरकत नाही. त्यानंतरही नाही आले, किंवा वाढच कमी वाटत असेल, तर बालरोगतज्ज्ञ आणि दातांचे डॉक्टर दोघांना दाखवा. एकूण वीस दात अडीच-तीन वर्षांपर्यंत पूर्ण होतात.

प्रश्न: आयर्नचे थेंब सुरू केल्यापासून दात काळे पडलेत. बंद करू का? – जांबोटी

उत्तर: बंद करू नका, रक्त वाढायला ते लागतं. हा वरवरचा डाग असतो, दवाखान्यात साफ होतो. ड्रॉपर जिभेच्या मागच्या बाजूला गालाकडे ठेवून द्या आणि नंतर पाणी पाजून दात पुसा.

प्रश्न: मुलगी अडीच वर्षांची, अंगणातल्या पायरीवर पडली आणि वरचा दात मुळासकट बाहेर आला. मी तो दुधात घालून नेला, कुणीतरी सांगितलं होतं. डॉक्टरांनी परत बसवला नाही. का? – अनगोळ, बेळगाव

उत्तर: दुधात ठेवून न्यायचं ते पक्क्या दाताचं, सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलांचं, तिथे प्रत्येक मिनिट महत्त्वाचं असतं. दुधाचा दात परत बसवत नाहीत कारण बसवताना खालच्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. डॉक्टरांनी बरोबर केलं आणि तुम्ही दात शोधून नेलात तेही बरोबरच, कारण दात सापडला नाही तर तो आत घुसलाय की श्वासनलिकेत गेलाय हे बघायला एक्स-रे काढावा लागतो. आता आठवडाभर मऊ खाणं, जेवल्यावर त्या जागी ओल्या कापडाने पुसणं. शेजारच्या दाताला मार लागला असेल तर तो पुढच्या काही आठवड्यांत करडा पडू शकतो, नुसत्या रंगाला घाबरू नका, पण हिरडीवर पुळी आली, सूज आली किंवा दात हलायला लागला तर त्याच दिवशी दाखवा. पुढचा पक्का दात सात-आठ वर्षांची झाल्यावर येईल, तोपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासून घ्या.